ज्यूल व्हर्न : कल्पनेच्या जहाजावरील कष्टाळू खलाशी

अद्भुतकथा, विज्ञानकथा आणि रहस्यकथा ह्यांच्याविषयीं पालकवर्गांत फार पूर्वीपासून दोन तट आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, असल्या पुस्तकांनीं मुलांचें चित्त भरकटतें, अभ्यासांतील लक्ष उडतें आणि रोजचीं साधीं कामें त्यांस नीरस वाटूं लागतात. दुसरा पक्ष म्हणतो कीं, मूल कांहीं तरी वाचीत बसलें आहे हेंच पुष्कळ झालें; तें काय वाचतें ह्याची चौकशी हवी कशाला? आमच्या अल्पमतीप्रमाणें हे दोन्ही पक्ष निम्मेच खरे आहेत. गेल्या कांहीं महिन्यांत आम्हीं ह्या तिन्ही प्रकारच्या अनेक कथा मोठ्या आवडीनें वाचल्या. आणि त्यांपैकीं ज्या मनांत घर करून राहिल्या त्यांतील पुष्कळशा एकाच लेखकाच्या निघाल्या. तो लेखक म्हणजे फ्रान्स देशांतील ज्यूल व्हर्न हा होय. त्याच्या कथांविषयींचें आमचें मत सांगावयाचें तर त्याचें चरित्रही सांगितलें पाहिजे. कारण वरील वादाचा उलगडा त्या चरित्रांत जसा होतो तसा नुसत्या युक्तिवादानें होत नाहीं.

ज्यूल व्हर्नचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजीं फ्रान्सच्या पश्चिम भागांतील नांत ह्या शहरीं झाला. लुआर नदीच्या कांठीं वसलेलें हें शहर त्या काळीं मोठें व्यापारी बंदर होतें, आणि व्हर्नचें जन्मघर तर त्या नदीच्या पात्रांतीलच एका बेटावर होतें. घराबाहेर पाऊल टाकावें तों डोलकाठ्यांचें रान दृष्टीस पडावें, अशी ती जागा. त्याचे वडील पिएर व्हर्न हे वकील होते. स्वभावानें काटेकोर आणि शिस्तीचे. आई सोफी हिच्या माहेरीं दर्यावर्दी व जहाजमालक होऊन गेले होते. पांच भावंडांत ज्यूल हा सर्वांत मोठा. वडिलांची वकिली वडील मुलानें पुढें चालवावी, असा त्या घरचा न बोलतां ठरलेला संकेत होता.

लहानपणीं ज्या बाईंच्या शाळेंत तो जात असे त्यांचे पती जहाजाचे कप्तान होते. ते समुद्रावर गेले ते पुनः परतलेच नाहींत. तथापि ते कोठें तरी एखाद्या निर्जन बेटावर जिवंत असतील व एक दिवस घरीं येतील, असें त्या बाई आपल्या विद्यार्थ्यांस सांगत, अशी हकीगत आहे. हरवलेल्या माणसांच्या शोधाच्या किती तरी कथा व्हर्ननें पुढें लिहिल्या. त्यांचें बीज ह्या शाळेंत पेरलें गेलें असल्यास नवल नाहीं. दुसरी एक गोष्ट मात्र सावधपणें सांगितली पाहिजे. वयाच्या अकराव्या वर्षीं तो घरांतून पळून एका जहाजावर चढला, वडिलांनीं त्यास पुढच्या बंदरांत गांठून परत आणलें, आणि यापुढें प्रवास करीन तो कल्पनेंतच, असें वचन त्यानें दिलें, असें पुष्कळ पुस्तकांत छापलेलें आढळतें. ही कथा १९२८ सालीं त्याच्या नात्यांतील एका चरित्रलेखिकेनें प्रसिद्ध केली; पुढील संशोधकांस मात्र तिजविषयीं शंका आहे. गोड गोष्ट खरीच असते असें नाहीं, हें चरित्र वाचतांना विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

कायद्याच्या अभ्यासासाठीं ज्यूल पॅरिस येथें गेला. अभ्यास त्यानें पुरा केला, १८५१ सालीं पदवीही मिळविली. परंतु मन गुंतलें तें नाटकांत. प्रसिद्ध कादंबरीकार अलेक्झांडर ड्यूमा ह्याच्याशीं त्याची ओळख झाली, आणि १८५० सालीं ड्यूमाच्याच नाटकगृहांत व्हर्नचें एक लहानसें नाटक रंगभूमीवर आलें. पुढें दुसऱ्या एका नाटकगृहाच्या चिटणिसाचें काम त्यानें पत्करलें. पोटाची ओढाताण तर नित्याचीच होती. अशा स्थितींत १८५२ सालीं वडिलांनीं त्यास आपली चालती वकिली देऊं केली. घर, मानमरातब, नियमित उत्पन्न, सर्व कांहीं हातांत येत होतें. ज्यूलनें विचार करून नकार दिला. आपण चांगले वकील कधींच होणार नाहीं, आणि झालों तर चांगले लेखक होण्याची आशा उरणार नाहीं, असा त्याच्या नकाराचा आशय होता.

येथें पालकांनीं क्षणभर थांबावें अशी आमची विनंती आहे. पिएर व्हर्न ह्यांस वाईट वाटलें असेल ह्यांत संशय नाहीं. परंतु त्यांनीं मुलाशीं संबंध तोडला नाहीं. पैशाची मदतही बंद केली नाहीं. वकिली अखेर दुसऱ्याच्या हातीं गेली; मुलगा मात्र घराचाच राहिला. जगाला व्हर्न मिळाला त्यांत ह्या अबोल पित्याचा वाटा फार मोठा आहे, असें आम्हांस वाटतें.

नाटकांनीं यश दिलें नाहीं. त्या वर्षांत व्हर्ननें जें कमावलें तें वेगळेंच. पॅरिस येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत तो तासन् तास बसूं लागला. भूगोल, खगोल, रसायन, यंत्रविद्या, प्रवासवर्णनें, जें हातीं येईल तें वाचावें आणि उपयोगी वाटेल तें टिपून ठेवावें, हा त्याचा क्रम झाला. आणि तो त्यानें जन्मभर पाळला. उत्तरायुष्यांत त्याच्या टिपणांची संख्या वीस हजारांवर गेली होती. त्याच सुमारास एडगर ॲलन पो ह्या अमेरिकन लेखकाच्या रहस्यकथा फ्रेंच भाषांतरांतून त्यानें वाचल्या, आणि अशक्य वाटणारी गोष्ट तपशिलाच्या बळावर शक्य कशी वाटावयास लावावी ह्याचा धडा घेतला. १८५७ सालीं ऑनोरीन नांवाच्या एका तरुण विधवेशीं त्याचा विवाह झाला. तिला पहिल्या विवाहाच्या दोन मुली होत्या. संसाराचा भार अंगावर येतांच, वडिलांच्या साहाय्यानें, तो पॅरिसच्या शेअरबाजारांत दलालीच्या धंद्यांत शिरला. पहांटे उठावें, लिहावें, आणि मग बाजारांत जावें, अशीं पांच वर्षें गेलीं. आम्हांस वेळच मिळत नाहीं, असें म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हीं पांच वर्षें आठवावीं.

१८६२ सालीं पिएर-ज्यूल एत्सेल ह्या प्रकाशकाशीं त्याची गांठ पडली. चोखंदळ दृष्टीच्या ह्या गृहस्थानें व्हर्नच्या हस्तलिखितांतील गुण ओळखला, दोष दाखविले, सुधारणा करावयास लावल्या, आणि जानेवारी १८६३ मध्यें 'बलूनमधून पांच आठवडे' हें पुस्तक बाहेर पडलें. तीन इंग्रज बलूनमध्यें बसून झांजिबारपासून आफ्रिकेच्या पश्चिम भागापर्यंत जातात, असें त्याचें कथानक आहे. व्हर्ननें तोंवर आफ्रिका पाहिली नव्हती, आणि बलूनमध्यें पाऊलही ठेवलें नव्हतें. बलूनमधून तो एकदांच उडाला, आणि तेंही दहा वर्षांनंतर! तरीही वारा, उंची, वजन, वायु ह्यांचा हिशेब इतका चोख आहे कीं, वाचकास आपण टोपलींतच बसलों आहों असें वाटावें. ह्या पुस्तकांत आफ्रिकेंतील लोकांचीं जीं चित्रें आहेत तीं मात्र आम्हांस मुळींच रुचलीं नाहींत. त्या काळच्या युरोपियनांचा गर्व त्यांत उघड दिसतो. चांगला लेखकही आपल्या काळाच्या कुंपणांत कोठें तरी अडकलेला असतोच; वाचकानें मात्र अडकूं नये.

पहिल्या पुस्तकाच्या यशानें हुरळून न जातां प्रकाशकानें व्हर्नचें पुढचें एक हस्तलिखित सरळ परत केलें. विसाव्या शतकांतील पॅरिस कसें असेल ह्याचें त्यांत वर्णन होतें. यंत्रें आणि पैसा ह्यांची भरभराट झालेली आहे. कवितेवर प्रेम करणाऱ्या एका तरुणास मात्र त्या शहरांत कोठें थारा नाहीं, अशी ती उदास कथा. व्हर्ननें नकार मुकाट्यानें मानला व हस्तलिखित ठेवून दिलें. पुढें १९८९ सालीं त्याच्या पणतूस एका जुन्या तिजोरींत तें सांपडलें, आणि १९९४ सालीं प्रसिद्ध झालें. आम्हांस ही कथा रचनेच्या दृष्टीनें कच्ची वाटली, तथापि तिच्यांतील प्रश्न अजून ताजा आहे. यंत्रांच्या स्तुतीसाठीं ओळखला जाणारा हा लेखक यंत्रांच्या राज्याविषयीं प्रथमपासूनच साशंक होता, हें तिच्यावरून कळतें.

नंतर एकामागून एक उत्तम पुस्तकें आलीं. 'पृथ्वीच्या पोटांत प्रवास' हें १८६४ सालचें. एका जुन्या ग्रंथांतून एक चिठ्ठी गळून पडते. तिच्यावरील अक्षरें कोणासच लागत नाहींत. शेवटीं तीं उलट्या क्रमानें वाचल्यावर अर्थ उमटतो, आणि प्राध्यापक लिडेनब्रॉक आपल्या पुतण्यास घेऊन आइसलंडमधील एका निद्रिस्त ज्वालामुखीच्या मुखांतून खालीं उतरूं लागतात. शास्त्राच्या दृष्टीनें ही कथा आज टिकत नाहीं, कारण पृथ्वीच्या अंतर्भागांतील उष्णता व दाब कोणासही इतकें खोल जाऊं देणार नाहींत. परंतु अंधारांत एकटा चुकलेला तो पुतण्या वाचतांना आमच्याही पोटांत गोळा आला, हें सांगावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

१८६५ सालीं 'पृथ्वीवरून चंद्राकडे' आणि १८७० सालीं त्याचा उत्तरार्ध प्रसिद्ध झाला. फ्लॉरिडा प्रांतांत नऊशें फूट लांबीची तोफ जमिनींत ओतून तिच्यांतून तीन माणसांस गोळ्यांत बसवून चंद्राकडे सोडतात; ते चंद्रास वळसा घालून पॅसिफिक महासागरांत येऊन पडतात. ह्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं, डिसेंबर १९६८ मध्यें, अपोलो ८ ह्या यानांतून तीनच माणसें फ्लॉरिडांतूनच निघालीं, चंद्राभोंवतीं फिरलीं आणि पॅसिफिक महासागरांतच उतरलीं. आणि जुलै १९६९ मध्यें मनुष्याचें पाऊल चंद्रावर पडलें. म्हणून व्हर्न भविष्यवेत्ता होता असें कित्येक म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. खऱ्या तोफेंतून असें कोणी निघालें असतें तर पहिल्याच धक्क्यानें आंतील माणसांचा चुराडा झाला असता. व्हर्नची थोरवी भविष्य सांगण्यांत नसून गणित मांडण्यांत आहे. पृथ्वीच्या ओढींतून सुटावयास किती वेग लागेल, कोणत्या जागेवरून निघणें सोयीचें, किती वेळ लागेल, हे प्रश्न त्यानें मुलांच्या गोष्टींत आणून ठेवले. आणि त्या मुलांपैकीं कांहीं जण मोठेपणीं तेच प्रश्न घेऊन बसले. रशियांतील त्सिओल्कोव्हस्की हा अग्निबाणविद्येचा आद्य अभ्यासक व्हर्नचा वाचक होता. एका चांगल्या गोष्टीचें फळ कोणत्या देशांत आणि किती वर्षांनीं पिकेल हें कोणीं सांगावें?

आतां कॅप्टन निमोविषयीं. 'समुद्राखालून वीस हजार लीग' ही कादंबरी १८६९-७० मध्यें आली. वीस हजार लीग ही समुद्राची खोली नव्हे, तर पाण्याखालून केलेल्या प्रवासाची लांबी होय. ती सुमारें ८०,००० किलोमीटर भरते. पाणबुडी ही व्हर्नचीच कल्पना, असा एक समज आहे. तोही खरा नाहीं. रॉबर्ट फुल्टन ह्यानें १८०० सालींच 'नॉटिलस' नांवाची पाणबुडी फ्रान्समध्यें बांधली होती, आणि व्हर्ननें तेंच नांव उचललें. त्यानें नवीन केलें तें असें कीं, त्या लोखंडी पेटींत विजेची शक्ति भरली, ग्रंथालय ठेवलें, वाद्य ठेवलें, आणि एक दुःखी मनुष्य बसविला. निमो कोण, कोठचा, जगावर त्याचा इतका राग कां, हें पुस्तक संपेपर्यंत कळत नाहीं. खरें पाहतां व्हर्नच्या मनांत तो रशियाच्या जुलुमानें सर्वस्व गमावलेला एक पोलिश सरदार होता. परंतु प्रकाशकानें हरकत घेतली, म्हणून त्याचा देश अज्ञातच राहिला. आमच्या मतें हा नाइलाज कथेस उपकारकच ठरला. कारण ज्याचें दुःख कळतें पण कारण कळत नाहीं तो मनुष्य मनांतून जात नाहीं. ह्या पुस्तकांतील माशांच्या लांबलचक याद्या मात्र आमच्याकडून नेटानेंच वाचल्या गेल्या.

निमोचें रहस्य फुटतें तें 'गूढ बेट' ह्या १८७४-७५ मधील कादंबरींत. ही आम्हांस सर्वांत अधिक आवडली. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वेळीं पांच माणसें व एक कुत्रा बलूनमधून निसटतात आणि पॅसिफिक महासागरांतील एका निर्जन बेटावर येऊन आदळतात. जवळ हत्यार नाहीं, अन्न नाहीं. मग सायरस स्मिथ हा इंजिनियर दोन घड्याळांच्या कांचा जोडून, मध्यें पाणी भरून भिंग तयार करतो व सूर्याच्या किरणांनीं अग्नि पेटवितो. एका मुलाच्या बंडीच्या अस्तरांत गव्हाचा एक दाणा सांपडतो, आणि त्या एका दाण्यापासून शेत उभें राहतें. विटा, लोखंड, कांच, सारें कांहीं ज्ञानाच्या बळावर निर्माण होतें. पण संकट येतांच कोणी अदृश्य मदतनीस धांवून येतो. मुलगा तापानें आसन्नमरण असतां औषधाची डबी उशाशीं आढळते. हा मदतनीस कोण? शेवटीं उलगडा होतो कीं तो वृद्ध कॅप्टन निमो आहे. आणि निमो म्हणजे बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कर, जो १८५७ च्या उठावांत लढला, ज्याचें कुटुंब त्यांत नाहींसें झालें, आणि जो मग समुद्रांत अदृश्य झाला. विज्ञानकथा आणि रहस्यकथा ह्यांची इतकी सुंदर गांठ आम्हीं दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे. युरोपियन लेखकानें त्या काळीं आपला सर्वांत थोर शास्त्रज्ञ-नायक हिंदी मनुष्य दाखवावा, हेंही लहानसहान नव्हे.

हिंदुस्थानाशीं व्हर्नचा संबंध एवढ्यावरच थांबत नाहीं, जरी तो स्वतः ह्या देशीं कधीं आला नाहीं. 'ऐशीं दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा' ही कथा १८७२ च्या अखेरीस पॅरिसच्या एका दैनिकांतून क्रमशः आली. फिलिअस फॉग हा इंग्रज वीस हजार पौंडांची पैज लावून निघतो. तोच बँकेचा चोर आहे अशा समजुतीनें फिक्स नांवाचा गुप्त पोलीस त्याचा पाठलाग करतो. आणि फॉगचा नोकर मुंबईंत मलबार हिलवरील देवालयांत बुटांसह शिरून मार खातो. मुंबईहून निघालेली त्यांची आगगाडी वाटेंतच थांबते, कारण पुढील सुमारें पन्नास मैलांचा लोहमार्ग झालेलाच नसतो. मग हत्ती विकत घ्यावा लागतो. वस्तुतः जबलपुराजवळ दोन्ही बाजूंचे लोहमार्ग १८७० सालींच जोडले गेले होते. सतीच्या प्रसंगांतही सोहळ्याचें वर्णन ऐकीव माहितीवर रचलेलें आहे. सतीची चाल बंगाल इलाख्यांत १८२९ सालींच कायद्यानें बंद झाली होती. म्हणून ह्या प्रकरणांस आम्ही इतिहास मानीत नाहीं. परंतु कथेचा शेवट! पांच मिनिटें उशीर होऊन पैज हरली असें फॉगला वाटतें, आणि मग कळतें कीं पूर्वेकडे सतत गेल्यानें त्याचा एक दिवस वांचला आहे. दर पंधरा रेखांशांस एक तास, तीनशेंसाठांस चोवीस. भूगोलाच्या तासास जें समजलें नसेल तें ह्या एका पानांत समजतें. पुढें नेली ब्लाय ह्या अमेरिकन वार्ताहर स्त्रीनें १८८९-९० मध्यें बहात्तर दिवसांतच ही प्रदक्षिणा खरोखर पुरी केली, आणि वाटेंत ती व्हर्नच्या घरीं जाऊन त्यास भेटली.

१८८० मधील 'वाफेचें घर' ह्या कादंबरीचा आरंभ तर आपल्या औरंगाबादेंतच होतो. बिठूरचे नानासाहेब पेशवे ह्यांस पकडून देणारास इनाम, अशी जाहीर नोटीस तेथें लागलेली आहे, अशी कल्पना व्हर्ननें केली आहे. पुढें वाफेवर चालणारा एक लोखंडी हत्ती घरें ओढीत हिंदुस्थानभर फिरतो. हत्ती मोठा गमतीचा आहे. परंतु नानासाहेबांचें चित्र एकांगी आहे, आणि डक्कर राजपुत्राच्या निर्मात्याकडून आमची अपेक्षा अधिक होती. दुरून, पुस्तकांवरून देश पाहणाऱ्याची नजर कोठें पोंचते आणि कोठें अडते, हें ह्या दोन कथा शेजारीं ठेवून वाचल्यास चांगलें कळतें.

आतां चरित्राचा जो भाग सांगणें अवघड आहे तो सांगितला पाहिजे. जगांतील मुलांचा हा आवडता लेखक स्वतःच्या मुलास मात्र समजूं शकला नाहीं. एकुलता मुलगा मिशेल १८६१ सालीं जन्मला. पित्याचे लेखनाचे करार मोठे; वर्षास दोन-दोन, आरंभीं तर तीन-तीन भाग द्यावयाचे; पहांटे पांचपासून दुपारपर्यंत लेखणी चाले, आणि घरांत गडबड चालत नसे. मुलगा हट्टी, उधळा आणि बेशिस्त होत गेला. शेवटीं पित्यानें त्यास मेत्रे येथील सुधारगृहांत ठेवलें. तेंही जमलें नाहीं, तेव्हां १८७८ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, त्यास जहाजावर उमेदवार म्हणून हिंदुस्थानाकडे पाठविलें. जी सफर स्वतः पित्यास बालपणीं स्वर्ग वाटली असती तीच पुत्राच्या वांट्यास शिक्षा म्हणून आली! पुढें कर्जें, भांडणें, मनाविरुद्ध विवाह, सर्व कांहीं झालें. पिएर व्हर्न ह्यांनीं जी सहनशीलता आपल्या मुलाच्या बाबतींत दाखविली ती मुलानें नातवाच्या बाबतींत दाखविली नाहीं, असें म्हणणें कठोर होईल; परंतु तें अगदींच खोटें होणार नाहीं. समाधानाची गोष्ट एवढीच कीं, कालांतरानें बापलेकांचें मनोमीलन झालें, आणि मिशेल लेखनांतही पित्यास साहाय्य करूं लागला.

१८८६ हें वर्ष व्हर्नला फार जड गेलें. ९ मार्च रोजीं त्याचा लाडका पुतण्या गास्तों, ज्याचें मन भ्रमिष्ट झालें होतें, त्यानें घराच्या दारांतच त्याच्यावर पिस्तूल झाडलें. गोळी पायांत रुतली ती कायमची; व्हर्न जन्माचा लंगडा झाला. आठच दिवसांनीं प्रकाशक एत्सेल वारला. ज्या नौकेंतून व्हर्न समुद्रावर हिंडे ती त्याच वर्षीं विकली गेली. प्रवास संपले. परंतु तो कडवट होऊन घरांत बसला नाहीं. १८८८ सालीं तो आमियां शहराच्या नगरसभेवर निवडून आला आणि पंधरा वर्षें तें काम त्यानें निष्ठेनें केलें. शाळा, रंगभूमि, रस्ते, ह्यांचे प्रश्न तो पाहूं लागला. १८८९ सालीं तेथील सर्कसगृहाचें उद्घाटन त्याच्याच हस्तें झालें. चंद्रावर जाणाऱ्या लेखणीस नगरपालिकेचें टिपण लिहिण्यांत कमीपणा वाटला नाहीं.

ह्या काळांतील त्याच्या कथा अधिक सांवळ्या आहेत. १८९२ मधील 'कार्पेथियन किल्ला' आम्हीं नुकतीच वाचली. ओसाड किल्ल्यांत एका मृत गायिकेचें रूप दिसतें, तिचा आवाज ऐकूं येतो. गांवकरी भुताच्या भयानें गार होतात. उलगडा असा कीं, आवाज यंत्रांत सांठविलेला आहे आणि रूप हें चित्र व आरसे ह्यांचा खेळ आहे. भूत नाहीं हें कळल्यावर भीति जाते. पण गेलेल्या माणसाचा नुसता आवाज जपून ठेवणाऱ्याचें दुःख मात्र जात नाहीं. ज्यांस केवळ भुताच्या गोष्टी आवडतात त्यांनीं ही अवश्य वाचावी. भूत सोडविल्यावरही गोष्ट उरते, हेंच तिचें वैशिष्ट्य आहे.

डोळ्यांत मोतीबिंदु, अंगांत मधुमेह, तरीही लेखन चालूच होतें. २४ मार्च १९०५ रोजीं आमियां येथें, वयाच्या ७७ व्या वर्षीं, ज्यूल व्हर्न निधन पावला. त्याच्या समाधीवर, दगडी कबर सारून वर उठणाऱ्या मनुष्याचें शिल्प आहे. फ्रेंच विद्वत्सभेनें त्यास आपल्यांत कधीं घेतलें नाहीं. परंतु जगांत ज्यांच्या ग्रंथांचीं सर्वाधिक भाषांतरें झालीं त्या लेखकांत त्याची गणना अगदीं वरच्या पंक्तींत होते. आपल्या मराठींतही त्याची चंद्रप्रवासाची कथा विसाव्या शतकाच्या आरंभींच 'केरळकोकिळ' मासिकांतून अवतरली, आणि पुढें भा. रा. भागवत ह्यांनीं त्याच्या अनेक कादंबऱ्या मराठी मुलांच्या हातीं दिल्या.

आरंभींच्या वादाकडे आतां वळूं. अद्भुत कथांनीं मुलें बिघडतात काय? व्हर्नच्या चरित्रावरून आम्हांस असें दिसतें कीं, कल्पना ही कष्टाची शत्रु नाहीं; कष्टावांचून ती लुळी मात्र पडते. वीस हजार टिपणें ज्यानें हातानें लिहिलीं त्याचाच निमो समुद्राच्या तळाशीं श्वास घेऊं शकला. म्हणून विद्यार्थ्यांनो, गोष्टींचीं पुस्तकें अवश्य वाचा. पण पुस्तक मिटल्यावर तुमचा हात कोठें जातो तें पाहा. तो नकाशाकडे, शब्दकोशाकडे, गणिताच्या वहीकडे गेला तर पुस्तक चांगलें होतें असें समजा. आणि पालकांस एवढेंच सुचवावयाचें आहे : मुलाच्या हातांतील पुस्तक हिसकावूं नका, आणि त्याकडे पाठही फिरवूं नका. जवळ बसून, त्यांत काय आहे तें त्यास सांगावयास लावा. मिशेल व्हर्नच्या घरीं जगांतील उत्तमोत्तम गोष्टी लिहिल्या जात होत्या. त्यास उणीव होती ती शांतपणें ऐकून घेणाऱ्याची.